बसून खायचा तांदूळ

परवा टीव्हीवर चार माणसं भांडत होती. यंत्रं आता माणसांची कामं घेणार, मग काम गेलेल्यांना सरकारने घरबसल्या दरमहा काही द्यावं की नाही, यावर. एक म्हणत होता, द्यावं. दुसरा म्हणत होता, लोक आळशी होतील. तिसरा कोणालाच बोलू देत नव्हता. चौथ्याचं काय म्हणणं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, तो फक्त मान हलवत होता. मी सुनेला म्हटलं, बंद कर गो, हा वाद आमच्या गावात कधीच होऊन गेलाय. ती म्हणाली, कधी? म्हटलं, भाताची गिरण आली तेव्हा. ती हसली आणि कुकर लावायला गेली. म्हणून लिहूनच ठेवते.

तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीत मोडत होतो. गाव मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. मी आठ वर्षांची असताना वडील तापाने गेले. जमीन नव्हती. भाऊ नव्हता. आवस, म्हणजे आई, होती आणि घराच्या पडवीत एक वायन होतं. वायन म्हणजे जमिनीत पुरलेली दगडी उखळी. लोकांनी भात उकडून, वाळवून आणायचं, आवशीने आणि इतर बायांनी मुसळाने ते कांडायचं, पाखडायचं आणि तांदूळ करून द्यायचा. मोठ्या घरांत स्वतःचं वायन असे, तिथे कांडायला जावं लागे. कांडून झालं की शेरभर तांदूळ मिळायचा आणि वर कोंडा. त्या शेरावर आम्ही दोघी जगत होतो. गावात अशा सात कांडपिणी होत्या. मी धरून आठ, पण मला कोणी धरत नसे, कारण माझं मुसळ तालात पडत नव्हतं.

मामा तळेऱ्याला होता. वर्षातून दोनदा त्याचं पत्र यायचं, की ताई, चेडवाला, म्हणजे मला, घेऊन इकडे ये, तिथे मुसळ घेऊन किती दिवस काढशील. पत्र मामाचं असलं तरी घर मामीचं होतं. एका दिवाळीत आम्ही तिथे पंधरा दिवस राहिलो. भाकरी वाढताना मामी भाकरीकडे बघत नसे, माणसाकडे बघे. आवशीने तिथे दोन्ही वेळा भांडी घासली, गोठा काढला, विहिरीचं पाणी भरलं, आणि तरी पंधराव्या दिवशी मामी शेजारणीला म्हणाली, "आमच्या घराक पावणे काय, रवतत ते रवतत." येताना आम्ही एसटीने आलो. कट्टा गावच्या थांब्यावर उतरल्यावर आवस म्हणाली, "मुसळ आसा तोपर्यंत मी हयसरच."

तर मी सतरा वर्षांची होते, त्या वर्षी मुसळाचंच खरं नव्हतं.

बाजारातल्या शेटने मुंबईहून इंजिन मागवलं. ते गलबतातून बंदरावर उतरलं, बैलगाडीवर चढलं आणि गावात येईपर्यंत दोनदा रुतलं. दोन्ही वेळा ढकलायला सगळा गाव गेला. आवसही गेली. मी म्हटलं, "आये, ता तुज्याच पोटार येतला, आणि तू ढकलतंस?" म्हणाली, "रस्त्यात रवला तर लोकांनी जावचा कसा?"

दुसऱ्या दिवसापासून वायनाभोवती एकच विषय. शेजारची काकी आवशीच्या समोर मुसळ धरायची. तिचा मुलगा मुंबईला कापडाच्या गिरणीत होता आणि दरमहा तिला मनीऑर्डर येत असे. म्हणजे काकीला कांडपाची गरज नव्हती. ती येत होती ती बोलायला.

काकी म्हणाली, "झिलाचा पत्र इला वयनी. तेंच्याकडे एका माणसाक दोन माग होते, आता चार दिले. उरलेल्यांका सांगल्यानी, घराक जावा."

"मगे ते काय करतत?" आवशीने विचारलं.

"दारात बसान घोषणा देतत."

"आणि खातत काय?"

"ता तेणी लिवक नाय."

मुसळं पडत होती, एक वर, एक खाली. मग आवस म्हणाली, "माका वाटता, कोणाचा काम यंत्रान घेतला, तर तेच्या पोटाचाव त्या यंत्रानच बघूक व्हया. शेराची गिरण झाली, शेर गिरणीन देवचो."

काकीने मुसळ थांबवलं. "काम करूचा नाय आणि शेर घेवचो? बसान खाल्लेला अंगाक लागणा नाय हां वयनी. माणूस बिघाडता."

"तुका मनीऑर्डर येता ती खंयचा काम करून येता?"

"ती माज्या झिलाच्या कष्टाची."

"झिलाच्या. तुज्या न्हय."

"मी तेका जन्माक घातलंय!"

"आणि म्हणान तू बिघाडलंस?"

काकी म्हणाली, "थोडी बिघाडलंय," आणि मुसळ उचललं. त्या दिवशी तिने रोजच्यापेक्षा जोरात कांडलं. तांदूळ फार तुटला.

त्याच महिन्यात निवडणूक होती. दोन पक्ष होते. नावं सांगत नाही, दोन्हींची माणसं अजून घरी येऊन बसतात आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत. गावात एका पक्षाचं काम वरच्या वाडीतला एक भाऊ बघायचा आणि दुसऱ्याचं खालच्या वाडीतला त्याचा सख्खा चुलतभाऊ. गावात त्यांना वरचे भाऊ आणि खालचे भाऊ असंच म्हणत. वरचे भाऊ जमीनदार होते, खालचे भाऊ मुंबईत चार वर्षं राहून आले होते. दोघं आपापली पत्रकं वाटायचे. कागद चांगला असायचा. शाळेत मी दुसरीपर्यंतच होते, पुढचं वाचायला मी त्या पत्रकांवर शिकले. शिकायला फार सोपं गेलं, कारण दोन्ही पत्रकांत तेच शब्द होते, फक्त जागा बदललेल्या.

दोघंही आमच्या पडवीत येऊन गेले. वरचे भाऊ आले सकाळी. आवशीने विचारलं, "भावोजी, गिरण सुरू झाली की आमी सात जणींनी काय करूचा?" ते म्हणाले, "वयनी, प्रगती कोणासाठी थांबत नाही. पण आपला पक्ष याचा विचार करील." खालचे भाऊ आले दुपारी. आवशीने तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "हाच तर मूळ प्रश्न आहे. सत्ता आली की गिरण गावाच्या मालकीची होईल."

"आणि तोपर्यंत आमी काय खावचा?"

"तोपर्यंत संघर्ष."

"तो शिजता काय?" आवशीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. खालचे भाऊ चहा अर्धा ठेवून गेले.

मग आवस एक नारळ घेऊन गावकाराकडे गेली. गावकार म्हणजे आमच्या देवळातला म्हातारा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालायचं ते तो घालायचा. गावात काहीही नवीन करायचं तर आधी गाऱ्हाणं: घर बांधायचं, होडी पाण्यात सोडायची, मुंबईला जायचं. गावकार नारळ हातात धरून देवाला एकेक मागणं सांगतो, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." तसं म्हटलं की ते मागणं सगळ्यांचं झालं. शेटनेही गिरणीच्या दारात गाऱ्हाणं ठेवलं होतं.

आवस म्हणाली, "आमचाव तेच्यात घाला."

"काय म्हणान घालू?"

"दर सोमवारी एकेक शेर. काम असांदे, नसांदे."

गावकाराने पान जुळवलं, चुना लावला, खाल्लं, मग म्हणाला, "शेट समोर उभो असतलो हां. थयच नाय म्हणात."

"म्हणांदे. मगे मी बोलतंय काय ता."

आवस तीन दिवस काय बोलायचं ते जुळवत होती. कांडताना ओठ हलायचे. मला म्हणाली, "तू माज्या फाटी उभी रव, मी इसारलंय तर सांग." मी सगळं पाठ केलं. अजून पाठ आहे.

गिरण सुरू व्हायच्या दिवशी सगळा गाव आला. दोन्ही भाऊही आले, दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले. शेट मधोमध, धुतलेलं धोतर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. गावकाराने नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान नवी गिरण घातल्यान, तेका बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पट्टो तुटा नये, इंजिन तापा नये, कोणाचो हातपाय तेच्यात गावा नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गिरणीपायी ज्या सात बायांच्या हातातला मुसळ सुटला, तेंका दर सोमवारी एकेक शेर तांदूळ ह्याच दारातसून गावत रवांदे, काम असांदे नायतर नसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज शेटचा. यजमानाचाच मोठा असायला हवा, तशी रीत आहे. आवशीने पुढे टाकलेलं पाऊल तिथेच राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. नारळ फुटला. शेटने डोळे उघडले आणि सगळ्यांना खोबरं-साखर वाटली. आवशीलाही दिली, हसून. गाऱ्हाणं कोणी ऐकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गावकार थांबला की व्हय म्हणायचं, एवढंच लहानपणापासून सगळ्यांच्या जिभेला ठाऊक असतं.

पहिल्या सोमवारी सात जणी सूप घेऊन गिरणीच्या दारात. मागे मी. इंजिन सुरू होतं, म्हणून बोलणं ओरडूनच झालं.

"काय गे? भात खंय आसा तुमचा?" शेट ओरडला.

"भात नाय. शेर व्हयो," आवस.

"कसलो शेर?"

"सोमवारचो."

"कोणी सांगल्यान?"

"तुमी व्हय म्हटल्यात शेटानु. गाऱ्हाण्यात."

"गाऱ्हाण्यात सगळेच व्हय म्हणतत!"

"सगळ्यांची गिरण नाय."

शेटने इंजिन बंद केलं आणि तसाच तडक गावकाराकडे गेला. आम्ही मागून. शेट म्हणाला, "माका आयकाक येवक नाय तू काय बोललंस ता!"

गावकार अंगणात सुपाऱ्या सोलत होता. म्हणाला, "तुका नाय इला. देवाक इला."

मग देवळात बैठक बसली. सगळे होते. शेट म्हणाला, चुकून म्हटलेला होकार होकार नव्हे. गावकार म्हणाला, मग त्याच दमात मागितलेली बरकतही मागितली नाही असं धरू.

वरचे भाऊ उठले. सभेत ते पुस्तकी बोलायचे. म्हणाले, "श्रमाविना मिळालेलं अन्न माणसाला पंगू करतं. आज सात बायका, उद्या सगळा गाव हात पसरील. या भगिनींच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे."

आवस खांबाजवळ बसली होती, तिथूनच म्हणाली, "भावोजी, कुळां तुमच्या घराक खंडाचा भात आणून घालतत. ता तुमी बसानच खातास मां? तुमका काय होवक नाय ता."

बैठकीत कोणी हसलं नाही, पण बऱ्याच जणांना एकदम खोकला आला.

खालचे भाऊ उठले. म्हणाले, "हा शेर म्हणजे भीक आहे. भीक घेतलेला माणूस लढत नाही. या बायांनी शेर नाकारावा आणि आमच्या मोर्चात यावं."

काकी म्हणाली, "मोर्चात जेवण आसा?"

"नाही."

"मगे बस रे खाली."

तासभर चाललं. शेवटी कोणीतरी निवडणूक पंधरा दिवसांवर आली असल्याची आठवण करून दिली. दोन्ही भाऊ बाजूला जाऊन बोलले आणि परत आले. मला आठवतं त्याप्रमाणे दोन्ही पक्षांचं गावात एकमत झालं ते तेवढ्या एकदाच. मतदान होईपर्यंत शेटने शेर द्यावा. पुढचं पुढे बघू.

तर शेर सुरू झाला. काकी तत्त्वाने त्याच्या विरुद्ध होती. दर सोमवारी रांगेत ती पहिली असायची, आणि शेटला दारातच, मग आम्हाला घरी येताना सगळ्या वाटेभर, फुकटचं घेणं कसं वाईट, ते सांगायची.

आता आळशी होण्याचं. पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी घरी आले तर आवस पडवीत झोपलेली. दिवसा झोपलेली मी तिला कधीच बघितली नव्हती. मी घाबरले, नाकासमोर बोट धरलं. तिने डोळे उघडले. म्हणाली, "काय झाला?" मी म्हटलं, "तू झोपलंस." म्हणाली, "व्हय. बरा वाटता." आणि कूस बदलली. असा आळस तिने चार दिवस केला. पाचव्या दिवशी कंटाळली आणि परसात अळू आणि मिरच्या लावल्या.

कांडपही पूर्ण बंद झालं नव्हतं. गिरणीच्या तांदळाची पेज गिळगिळीत होते अशी सगळ्यांची तक्रार होती, आणि बाळंतिणीला, आजाऱ्याला कांडलेलाच तांदूळ लागे. वरच्या भाऊंच्या सुनेचे दिवस भरत आले तसं त्यांच्या घरून बोलावणं आलं. त्या घरी कांडपिणींना परत निघताना लुगड्याचा ओचा झाडून दाखवावा लागत असे, कणी नेत नाही ना म्हणून. आवशीने नऊ वर्षं झाडून दाखवला होता. निरोप घेऊन आलेल्या गड्याला ती म्हणाली, "सांग, येवक गावणा नाय."

तो म्हणाला, "कित्याक म्हणान सांगू?"

"काय सांगू नको. येवक गावणा नाय, इतक्याच."

संध्याकाळी वरचे भाऊ स्वतः आले. उभ्या उभ्या म्हणाले, "बघितलंत? मी म्हटलं होतं, बायका कामाला नाही म्हणायला लागतील."

"व्हय," आवस म्हणाली. "म्हटला होतास तुमी."

दोघांचंही म्हणणं एकच होतं, त्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही. दोन दिवसांनी त्यांच्या घरातून निरोप आला की भात तुमच्या पडवीतच पाठवतो. आवशीने ते कांडून दिलं. सुनेला मुलगी झाली.

मतदान शाळेत होतं. त्या काळी उमेदवारागणिक वेगळी पेटी असायची, वर निशाणी चिकटवलेली, आणि मिळालेली चिठ्ठी आपल्या पेटीत टाकायची. माझं मतदानाचं वय नव्हतं, मी बाहेर थांबले. आवस आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा मी विचारलं, "खंयच्या पेटयेत घातलंस?"

"खंयच्याच नाय. दोन पेट्यांच्या मदी ठेवलंय. वाऱ्यान उडात म्हणान वर खडो ठेवलंय."

"आये, ता मत फुकट जाता!"

"ह्या भावान सांगल्यान विचार करतलो, त्या भावान सांगल्यान संघर्ष करतलो. शेर कोणीच सांगूक नाय. मगे जेका व्हया तेणी उचलान घेवचा."

तिच्यानंतर बाकीच्या सहा जणींनीही तिथेच ठेवलं, त्याच खड्याखाली. काकीनेसुद्धा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने चिठ्ठ्या बघून विचारलं, हे काय आहे, आणि ते दोन्ही भावांच्या माणसांनी ऐकलं. निकालात सात मतांनी काही फरक पडला नाही, अंतर बरंच होतं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं दोन्ही भाऊ ती सात मतं आपलीच होती, चुकून बाहेर राहिली, असं सांगत असत.

निवडणूक झाली आणि शेटने शेर बंद केला. पुढचं पुढे बघू म्हणाले होते, ते पुढचं आलं. आवस रिकामं सूप घेऊन घरी आली. त्याच आठवड्यात मामाचं पत्र आलं, की गिरण झाल्याचं कळलं, आता तरी ये. पत्र मी वाचून दाखवलं. आवशीने ते घडी करून वाशाला खोचलं आणि ट्रंक खाली काढली. दोन लुगडी घातली, सूप घातलं, मग सूप परत काढलं. मामीकडे सुपं होती.

बुधवारी गिरणीचा पट्टा तुटला. पट्टे तुटतात, त्यात काही नाही. पण तो मालवणला मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवावा लागला, आणि चार दिवस इंजिन बंद. त्या चार दिवसांत भात घेऊन आलेला प्रत्येक माणूस शेटला तुटलेला पट्टा दाखवायला सांगायचा, बघायचा आणि काही न बोलता घरी जायचा. गावकार आलाच नाही. शेट नंतर सांगायचा की त्याने येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी शेट आमच्या पडवीत आला. ट्रंक तिथेच होती. म्हणाला, "पट्टो तू तोडूक नाय मां गे?"

"मी कित्याक तोडतंय? माका तुमच्या इंजिनात हात घालूची भीती वाटता."

"माकाव," शेट म्हणाला. बसला. पाणी प्यायला. "खंय गावाक चललंस?"

"तळेऱ्याक. भावाकडे."

"कधी येतलंस?"

आवशीने रिकामा तांब्या उचलला. शेटने ट्रंकेकडे बघितलं, वायनाकडे बघितलं. मग उठता उठता म्हणाला, "उद्या सोमवार. सूप घेवन ये. आणि त्या काकीक सांग, शेर घेताना माका उपदेश करू नको."

मी ट्रंक वर ठेवली. मामाला पत्र मीच लिहिलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं. आवशीने सांगितलं तेवढंच लिहिलं: आम्ही खुशाल आहोत, येणं होणार नाही.

पुढे माझं लग्न होऊन मी कणकवलीला आले. आवशीला किती वेळा म्हटलं, माझ्याकडे ये, इथे काय कमी आहे. घरच्यांनीही मनापासून म्हटलं. ती यायची, सगळ्यांशी नीट राहायची, नातवंडांना न्हाऊ घालायची, आणि रविवारी दुपारची गाडी धरायची. एकदा मला रागच आला. म्हटलं, "शेरभर तांदळासाठी एवढं? इथे पोतं आहे घरात." ती म्हणाली, "तुज्या घराकलो तांदूळ बरो आसा. पण तो तुजो."

ती शेवटपर्यंत आमच्या त्या पडवीच्या घरातच राहिली. तळेऱ्याला ती पुन्हा एकदाच गेली, मामीच्या बाराव्याला, आणि जेवून संध्याकाळच्या गाडीने परत आली.